अनुदान कोणाचे : मालकाचे की वाटेकऱ्याचे?

सरकार शेतकऱ्याला साहाय्य देते असे आपण सहज म्हणतो. पण शेतकरी कोणाला म्हणावे? सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला, की जो प्रत्यक्ष नांगर धरतो त्याला? अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत, म्हणजे तिकडच्या एका ग्रामीण परगण्यात, १९३४ साली या प्रश्नाने शेकडो संसार हादरविले.

१९२९ साली अमेरिकन कापसाला पौंडामागे सुमारे १७ सेंट भाव होता. १९३२ मध्ये तो साडेसहा सेंटांवर आला. पीक कमी झाले तर भाव चढेल, या हिशेबाने रूझवेल्ट सरकारने मे १९३३ मध्ये कायदा केला. तोवर पेरण्या उरकल्या होत्या. म्हणून शेतकऱ्यांना मोबदला देऊन एक कोटीहून अधिक एकरांतील उभ्या कापसावर नांगर फिरविण्यात आला. भाव दहा सेंटांच्या आसपास गेला. योजनेचा हेतू सफल झाला.

परंतु मोबदल्याची वाटणी निराळीच होती. १९३४-३५ च्या करारात पौंडामागे साडेचार सेंट ठरले. करार मालकाशी होता. त्यातील चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट अर्धेलीने कसणाऱ्या वाटेकऱ्याला! पिकात ज्याचा निम्मा वाटा, अनुदानात त्याचा नववा हिस्सा. शिवाय लागवड घटली तशी माणसांची गरजही घटली. कुळांची संख्या ‘शक्य तोवर’ कायम ठेवावी, असे कलम करारात होते. पण ते शक्य आहे की नाही हे पाहणाऱ्या स्थानिक समित्यांवर वर्चस्व बड्या जमीनदारांचेच. तेव्हा तक्रार न्यावी कोणाकडे? अनेक कुटुंबे बेघर झाली.

जुलै १९३४ मध्ये त्याच परगण्यातील टायरोंझा गावी अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय एकत्र बसले व त्यांनी कुळांचा संघ स्थापला. वर्णभेदाच्या त्या मुलखात हे मोठेच धाडस होते. पुढे फेब्रुवारी १९३५ मध्ये कृषिखात्याच्या काही विधिज्ञांनी, मालकाने तीच कुळे ठेविली पाहिजेत, असा अर्थ लाविला. त्या विधिज्ञांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले. अखेर १९३८ च्या कायद्याने पिकातील वाट्याच्या प्रमाणात अनुदान वाटण्याचे तत्त्व मान्य केले. तथापि तोवर कित्येक मालकांनी वाटेकरी काढून मजूर लाविले होते, ट्रॅक्टर आणिले होते. मजुराला पिकात वाटा नाही, म्हणून अनुदानातही नाही.

ही कथा दूर देशाची खरी. पण तिच्यातील पेच दूरचा नाही. २०१८ साली तेलंगणाने ‘रयतु बंधु’ योजना आणिली, तेव्हा एकरी रक्कम पट्टेदाराच्या नावे निघाली आणि खंडाने कसणारा बाहेर राहिला. दप्तर पाहून पैसे वाटणे सोपे असते, यात शंका नाही. मात्र ज्याच्या माथी तोट्याचा भार पडतो, त्याचे नाव त्या दप्तरात आहे काय, हे रक्कम ठरविण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. तसे न झाल्यास साहाय्याचा पैसाच एखाद्याचा आसरा हिरावण्यास कारण होतो.