मांडीवरची गिटार



दहावीच्या संमेलनात समूहगीताला मी नुसते ओठ हलवले होते. माझ्या बाजूला उभ्या होत्या, त्यांना ठाऊकच आहे! चाळिशीत, कोड लिहितालिहिता ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकली. १९६७ च्या त्या ध्वनिमुद्रिकेत संतूर-बासरीसोबत ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली. तशीच शिकायला घेतली. तारा बोटांनी दाबायच्या नाहीत, वरून पोलादी दांडी सरकवायची. ती केसभर हलली तरी बेसूर, आणि तो सगळ्यांना ऐकू जातो. तिथे ओठ हलवून भागत नाही.

आज वणीत आपल्याच वर्गातले दोघे पेटी-तबल्यावर आहेत. काल सरावात दुसऱ्या अंतऱ्याला मी तिन्ही वेळा चुकले. तबलजी म्हणाला, “तू थांबू नको, मी सांभाळतो.”

सुरू करते.