रुळावे कोणी?

(आनंदनगर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

कारखान्यात राबणाऱ्या आईबापांची मुलेही आता उच्च शिक्षणासाठी परदेशाची वाट धरू लागली आहेत. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून घरे त्यांना पाठवितात. निघताना उपदेश एकच : 'तिकडच्या रीतीभातींशी जुळवून घे, पण आपले सोडू नकोस.' हा उपदेश आज तपासून पाहिला पाहिजे.

आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही त्यांना द्यावी लागली. ती त्यांनी पाळली. फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत साडी आणि शाकाहार सोडला नाही. १८८६ साली पदवी मिळाली. पण आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळत गेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला.

या मुलीला इतक्या कडक अटी कोणी घातल्या? अमेरिकेने नव्हे, आपल्या समाजाने. उलट परक्या कार्पेंटरबाईंनी तिला रोझेल येथील आपल्या घरात लेकीसारखे ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. त्यांची रक्षाही पुढे कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत विसावली. रुळण्याचे काम तेथे एकट्या विद्यार्थिनीवर पडले नव्हते. यजमानीणही तिच्यासाठी बदलली होती.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशात जो माणूस सहज रुळला, त्याला स्वदेशाने रुळू दिले नाही!

साथींनो, हा प्रश्न आपल्या दारातला आहे. १९४७ नंतर सिंधी निर्वासित लष्करी बराकींत येऊन राहिले, त्यातून उल्हासनगर उभे राहिले. अंबरनाथ-बदलापूरचे कारखानेही दूरदूरच्या गावांहून आलेल्या हातांनी चालतात. अशा गावात आडनाव विचारून, ताटात काय वाढले जाते ते विचारून खोली नाकारली जात असेल, तर आपल्या मुलाला बर्लिनमध्ये घरमालकाने सन्मानाने वागवावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून दोन कामे अंगावर घ्या. परदेशी निघालेल्या मुलांना सांगा : तेथील भाषा शिका, स्वतःची भांडी स्वतः घासा, हवेला मानवेल ते ल्या आणि खा; त्याने कोणी बाटत नाही. टिकवायचीच असेल तर माणुसकी टिकवा. आणि येथे आपापल्या चाळीत, सोसायटीत, भाषा वा जात पाहून कोणाला खोली नाकारली गेली, तर घरमालकाच्या दारात प्रथम आपण उभे राहा.

आलेल्याने रुळावे, हे खरे. पण त्याला रुळू देणे हे गावाचे कर्तव्य आहे.