रेओम्यूर आणि पोवळ्याची फुले
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



निसर्गाभ्यासाच्या तासाला एखादा विद्यार्थी उठून असे काही सांगतो, जे पाठ्यपुस्तकात नसते आणि आपल्यालाही खरे वाटत नाही. त्या क्षणी आपण काय करतो? हा प्रश्न मनात ठेवूनच रेओम्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाविषयी आज चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

रेओम्यूरचा जन्म १६८३ साली ला रोशेल या बंदरात झाला. पाणी गोठते तेथे ० व उकळते तेथे ८० अंश मानणाऱ्या तापमापकामुळे त्याचे नाव राहिले. तथापि त्याचे खरे प्रेम कीटकांवर. गांधीलमाशी लाकडाचे तंतू खरवडते, लाळेत मळते व त्यांचे कागदासारखे घर बांधते, हे त्याने बारकाईने पाहिले. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून होई. तो लाकडापासून का होऊ नये, असे त्याने १७१९ साली सुचविले. मधमाश्यांचे व्यवहार दिसावेत म्हणून त्याने काचेच्या पेट्या वापरल्या. १७३४ ते १७४२ या काळात त्याच्या कीटकविषयक ग्रंथाचे सहा खंड निघाले. अशा डोळस माणसाच्या हातून एक चूक घडली, आणि तीच मला आज सांगावयाची आहे.

पोवळे ही समुद्रातील वनस्पती होय, असे तेव्हाचे विद्वान मानीत. तिची फुलेही कोणी पाहिली होती! मार्सेयचा एक वैद्य, पेसोनेल, याने पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले. ती फुले उमलत आणि स्पर्श होताच आत ओढली जात. ही फुले नसून प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविले. रेओम्यूरला ते पटेना. १७२७ साली त्याने हे मत अकादमीपुढे मांडून खोडले. पेसोनेलचे हसे होऊ नये म्हणून त्याचे नाव मात्र सांगितले नाही. ही दया खरी. पण मला तीत अन्यायच अधिक दिसतो.

पुढे १७४० साली हॉलंडमध्ये त्रांब्ले नावाच्या एका शिक्षकाला डबक्याच्या पाण्यात एक इवलासा हिरवा जीव आढळला. एका सरदाराच्या दोन मुलांना तो घरी शिकवीत असे. हा जीव म्हणजे आपण ज्याला जलव्याल म्हणतो तो. वनस्पती की प्राणी, हे ठरविण्यासाठी त्याने त्याचे दोन तुकडे केले. तर दोन्ही तुकडे वाढून पूर्ण झाले. फांदी लावावी तसे! परंतु तो जीव चालत होता, भक्ष्य पकडीत होता. त्रांब्लेने काही नमुने पॅरिसला धाडले. पहिली खेप वाटेतच मेली. दुसरी १७४१ च्या मार्चमध्ये जिवंत पोहोचली. रेओम्यूरने स्वतः प्रयोग करून पाहिला आणि मगच विश्वास ठेवला.

आता जुनी गोष्ट पुन्हा तपासणे प्राप्तच होते. ज्युस्यू हा वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेला व तेथील समुद्री ‘वनस्पतीं’त प्राणी पाहून आला. १७४२ च्या सहाव्या खंडाच्या प्रस्तावनेत रेओम्यूरने पेसोनेलचे नाव उघडपणे घेतले आणि त्याचे म्हणणे बरोबर होते, हे मान्य केले.

मध्ये पंधरा वर्षे गेली होती. पेसोनेल तेव्हा फ्रान्सपासून दूर, ग्वादलूप बेटावर वैद्यकी करीत होता.