लहान खोदयंत्राचा झिजलेला पंप

मानखुर्दच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आणि उत्तरेस १९२७ सालापासूनची देवनारची कचराभूमि. या बाजूच्या सखल वस्त्यांत नाले पुष्कळ आणि गल्ल्या अरुंद. पावसाळ्यापूर्वीं गाळ निघाला नाहीं, तर पहिल्या मोठ्या पावसांतच पाणी घरांत शिरतें. मोठें यंत्र जेथें वळत नाहीं, तेथें दोन ते पांच टनांचें लहान खोदयंत्र जातें. लोक त्याला सरसकट ‘पोकलेन’ म्हणतात. तें नांव मुळांत एका फ्रेंच कारखान्याचें. तेलाच्या दाबावर चालणारें खोदयंत्र त्यानें १९५१ च्या सुमारास बनविलें आणि आपलें नांव मराठीला देऊन टाकलें.

असें यंत्र कर्जावर घेऊन रोजानें भाड्यानें देणाऱ्या मालकाचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. नेमकें मे महिन्यांतच यंत्र सकाळीं चांगलें चालतें आणि दुपारीं बकेट उचलतांना रेंगाळूं लागतें. पाहणारा मिस्त्री चाकाला टेकून सांगतो, “पंप गेला!” हा निर्णय कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढ्या खर्चाचा असतो, म्हणून तो ऐकून नव्हे, तपासून घ्यावा.

या पंपांत एक फिरता गोल ठोकळा असतो व त्यांत बहुधा नऊ दट्ट्ये. त्यांचे पाय एका तिरप्या तबकडीवर घसरत असल्यानें ठोकळा फिरला कीं दट्ट्ये आंत-बाहेर होतात, तेल ओढतात आणि पुढें ढकलतात. पंप स्वतः दाब निर्माण करीत नाहीं; तो तेल ढकलतो, आणि मातीनें बकेट अडवली म्हणजे दाब चढतो. तो दर चौरस सेंटिमीटरला दोनशें किलोंच्या वर जातो. एवढा दाब धरून ठेवण्यास दट्ट्या व त्याचें भोंक यांत केसाच्या जाडीच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याएवढीच फट ठेवलेली असते. ही फट दुप्पट झाली, तर तींतून होणारी गळती दुप्पट होत नाहीं, आठपट होते. त्यांत तेल तापून पातळ झालेलें. ४६ क्रमांकाच्या तेलाचा चिकटपणा चाळीस अंशांवरून ऐंशी अंशांवर जातां जातां सुमारें चौथाई उरतो. सकाळचें शहाणें यंत्र दुपारीं कां बिघडतें, याचें उत्तर येथें आहे.

तरी प्रथम टाकी पाहावी. तेल दुधाळ असेल तर त्यांत पाणी शिरलें आहे; फेंस असेल तर शोषण-नळीच्या सांध्यांतून हवा जाते आहे. शोषण-जाळी गाळानें बुजली असेल तर पंपांत खडे हलल्यासारखा आवाज येतो, आणि बिचाऱ्या पंपावर आरोप येतो. मग एकच अवयव मंद आहे कीं सगळे, हें पाहावें. एकटा बूम मंद असेल तर दोष बहुधा त्याच्या सिलिंडरांत वा झडपेंत असतो. एकाच पंपावर चालणारे सर्व अवयव मंद असतील तरच पंपाचा संशय घ्यावा. इंजिनाकडेही कान द्यावा. पंप आंतून गळत असेल तर दाब चढत नाहीं, म्हणून इंजिनावर ओझें पडत नाहीं. इंजिन कण्हून काळा धूर टाकीत असेल, तर रोग बहुतेक इंजिनाच्या हवेचा वा इंधनाचा.

दाबमापक लावून दाब कमी दिसला, तरी निकाल लागत नाहीं. दाबाची मर्यादा राखणाऱ्या झडपेंत रेतीचा कण अडकला असतांही हेंच लक्षण दिसतें. ती झडप धुऊन झाल्यावर खरी साक्ष घ्यावी ती पंपाच्या कवचांतून टाकीकडे परत जाणाऱ्या नळीची. यंत्र तापलेलें असतां ती सोडून मोजलेल्या डब्यांत धरावी, मिनिटभराचें तेल मोजावें आणि कारखान्याच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहावें. ती नळी बुजवूं मात्र नये, कवच फुटतें. दाबाच्या नळीवर गळतीची जागा हातानें चाचपणें तर जिवावर बेतणारें आहे. सुईएवढी धार कातडी भेदून आंत शिरते, जखम क्षुल्लक दिसते, आणि त्याच घटकेस रुग्णालय गांठलें नाहीं तर हात कापण्याची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरावा. बकेट जमिनीवर टेकवून दाब उतरवल्याखेरीज कोणताही सांधा सोडूं नये.

पंप खरोखरच झिजला असेल, तर तो नाल्याकांठीं उघडूं नये. ठोकळा ज्या चकतीवर फिरतो तिच्यावरील ओरखडे नखाला लागतात. हलके असतील तर सपाट लादीवर बारीक लेपानें घांसून ते जातात; मात्र चकतीचा कठीण थर पातळ असतो, तो निघाला तर चकती टाकावीच लागते. हातांत सँडपेपर घेऊन चोळणारा कारागीर चकाकी आणतो आणि सपाटी घालवतो. दट्ट्याचा पाय गोळ्यावर खुळखुळत असेल किंवा भोंक रुंद झालें असेल, तर संचच बदलावा. दाब-झडप आवळून पंपाकडून जोर काढण्याची युक्ति लोकप्रिय आहे, पण तिनें गळती व उष्णता दोन्ही वाढतात. जाड तेलानें कांहीं दिवस निभतात, इतकेंच.

नवा वा दुरुस्त पंप जुन्या टाकीवर बसवणें म्हणजे तीच झीज पुन्हां विकत घेणें. टाकी, नळ्या व तेल थंड करणारी जाळी धुवावी, फिल्टर नवा घालावा. पहिल्यांदा चालवण्यापूर्वीं पंपाचें कवच तेलानें भरावें. कोरडा फिरला तर तो मिनिटभरांतच खराब होतो. नंतर कांहीं वेळ मंद गतीनें, ओझ्याविना चालवावा. पन्नासेक तासांनीं फिल्टर कापून पांढऱ्या फडक्यावर झटकावा. सोनेरी कण दिसले, तर पंपांतील तांब्याच्या मिश्रधातूचा भाग अजून झिजत आहे. लोहचुंबकाला चिकटले, तर पोलादाचा. आणि नुसती बारीक रेती निघाली, तर सिलिंडरच्या दांड्यावरची माती पुसणारें सील आधीं बदलावें.