मशीद बंदरची पायपीट
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



आपल्या मंडळाची सहल म्हणजे कार्ले, भाजे, नाही तर एकवीरा. यंदा आम्ही सातजणी लोणावळ्याहून सकाळच्या गाडीने मुंबईस गेलो आणि मशीद बंदरच्या गर्दीत पायी हिंडलो. पुष्कळजणी हसल्या. पण कारण माझ्या सासूबाईंचे होते. १९४४ साली त्या नऊ वर्षांच्या असून तेथल्याच एका चाळीत राहत.

दिवस युद्धाचे. जपानी बाँबच्या धास्तीने खिडक्यांना काळे कागद लावलेले. संकट आले ते मात्र आपल्याच गोदीतून. १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच बोटीत! रॉकेलच्या डब्याशेजारी चूल पेटवू नये, एवढे आपल्याला कळते. बोटीतल्या सोन्याच्या विटा उडाल्या, त्यांच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. ६६ बंबवाले आग विझवताना गेले; त्यांचे स्मारक भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रात आहे, तेथे आम्ही फुले वाहिली.

त्या दुपारी सासूबाईंचा हात धरून पळाली ती शेजारची ‘इस्रायलीण मावशी’. लुगडे नेसणारी, मराठी बोलणारी, शनिवारी चूल न पेटवणारी. हे बेने इस्रायल मूळचे कोकणातले. घाण्यावर तेल काढीत व शनिवार पाळीत, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर! सॅम्युएल स्ट्रीटवर त्यांचे ‘शार हारहमीम’ हे प्रार्थनामंदिर आहे. सामाजी हसाजी दिवेकरांनी ते १७९६ साली स्थापले. त्यावरूनच मशीद हे नाव पडले, असे म्हणतात. पुण्याचे लाल देऊळ आपण येता-जाता पाहतो, पण हे कुणालाच ठाऊक नव्हते.

तेथे भेटलेल्या एका बाईंनी मलिद्याची कृती सांगितली. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. एलियाहू नबीच्या नावाने करतात.

घरी येऊन हे सांगताच सासूबाई उठून बसल्या. “ताटलीतून द्यायची ती हेच!” मग म्हणाल्या, “तिचे नाव विचारलेत का?” नाव त्यांनाच आठवत नव्हते, ती नुसती मावशी. १९४८ नंतर त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली, तीही गेली असेल.

पुढल्या खेपेस सासूबाईंना मोटारीने नेणार आहोत. दोन जागा शिल्लक आहेत. यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे सांगावे.