संशोधनाचं अनुदान आणि आपल्या घरातल्या लेकी-सुना

आज बुधवार, म्हणजे आपल्या गटांच्या गप्पांचा दिवस. मागच्या काही बुधवारी आपण पीक विमा, बँकेचं कर्ज, शिलाई मशीन यांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आपल्या कामाचं नाही. विषय आहे, विद्यापीठात विज्ञानाचं संशोधन करणाऱ्यांना मिळणारं अनुदान.

हा विषय आपल्याच कामाचा आहे, आणि तो का, हे आधी सांगतो. यंदा आम्ही समन्वयकांनी गटांची माहिती भरताना घरातल्या शिक्षणाचा रकाना नीट भरला. एरवी तिथं आपण 'शिक्षित' एवढंच लिहून पुढे जातो. या वेळी एकेकीला विचारलं, तर आमच्या भागातल्या सदस्यांच्या घरांत एमएस्सी झालेल्या अकरा लेकी-सुना निघाल्या. त्यांतल्या दोघी पीएचडी झालेल्या. कुणी रसायनशास्त्राची, कुणी वनस्पतिशास्त्राची. बहुतेकींचं लग्न झालं, मुलं झाली, आणि काम सुटलं. पुढे काय करणार असं विचारलं, की सगळ्यांचं उत्तर एकच: "आता वय गेलं."

मैत्रिणींनो, वय गेलेलं नाही. हेच आज सांगायचं आहे.

आधी अनुदान म्हणजे काय ते समजून घेऊ. संशोधनाचं अनुदान हे कर्ज नाही, त्यामुळे ते फेडायचं नसतं. ते बक्षीसही नाही, की मिळालं आणि दागिना केला. आपल्या गटाला फिरता निधी मिळतो तेव्हा तो कुणा एकीच्या हातात येत नाही, गटाच्या खात्यात येतो, आणि कशासाठी वापरला ते वहीत लिहावं लागतं. संशोधनाच्या प्रकल्पाचंही पुष्कळसं असंच असतं. पैसा विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या खात्यात येतो. त्याची बाबवार वाटणी आधीच ठरलेली असते: उपकरणं, रसायनं आणि काचसामान, मदतनिसाचा पगार, प्रवास, किरकोळ खर्च, आणि विद्यापीठाची जागा-वीज-पाणी वापरल्याबद्दल संस्थेचा हिस्सा. एका बाबीतला पैसा दुसरीकडे वळवायचा तर परवानगी लागते. वर्षाच्या शेवटी खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही, तर पुढचा हप्ता अडकतो. म्हणजे ज्या बाईला गटाच्या पाच वह्या लिहिता येतात, तिला यातलं अर्धं आधीच कळलेलं आहे.

आता हा पैसा देतं कोण? दोन प्रकार लक्षात ठेवा. एक असते फेलोशिप, म्हणजे संशोधन शिकत असताना माणसाला जगण्यासाठी मिळणारं विद्यावेतन. दुसरा असतो प्रकल्प, म्हणजे एखादा प्रश्न सोडवण्यासाठी मिळणारा खर्च.

घरात मुलगी एमएस्सी करत असेल, तर तिच्यासाठी पहिलं दार नेट परीक्षेचं. विज्ञान विषयांची ही परीक्षा सीएसआयआर आणि यूजीसीची एकत्र असते. तिच्यातून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. २०२३ पासून हे दर लागू आहेत. वयाच्या अटीत महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. याशिवाय आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्था पीएचडीला फेलोशिप देतात. जागा मोजक्या असतात आणि जाहिरातीची मुदत थोडी असते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, पीएचडी नोंदणीचं पत्र ही कागदपत्रं आधीच तयार ठेवली नाहीत, तर मुदत हातची जाते.

आता ज्यांचं काम मध्येच सुटलं त्यांचं. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञांसाठी खास योजना सुरू केली. घर, लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली यांमुळे ज्यांचं संशोधन थांबलं, त्यांना परत आणायचं, हा तिचा हेतू. आज ही योजना वाइज-किरण या नावानं चालते. तिच्यात वेगवेगळी दारं आहेत. पीएचडी करायची असेल, तर वय २७ ते ४५. पीएचडी झालेली असेल आणि पुन्हा प्रयोगशाळेत जायचं असेल, तर २७ ते ६०. मैत्रिणींनो, साठ! आणखी एक दार आहे, त्याचं नाव वाइज-स्कोप. त्यात समाजाच्या रोजच्या अडचणींवर विज्ञानाचा उपाय शोधायला पैसा मिळतो. प्रयोगशाळेत उभं राहायचं नसेल, तर पेटंटचं काम शिकवणारं प्रशिक्षणही याच योजनेत आहे.

जी आधीच विद्यापीठात किंवा महाविद्यालयात प्राध्यापक आहे, तिच्यासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. २०२३ च्या कायद्यानं ते उभं राहिलं, आणि आधीचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झालं. नव्यानं नोकरीला लागलेल्या तरुण प्राध्यापकांसाठी त्यांची वेगळी योजना आहे. दुसऱ्या एका योजनेत मोठी, नावाजलेली संस्था मध्ये असते आणि तिला काही विद्यापीठं जोडलेली असतात. आपला प्रभागसंघ आणि त्याला जोडलेले ग्रामसंघ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. लहान विद्यापीठाकडे महागडं यंत्र नसलं, तरी मोठ्या संस्थेच्या सोबतीनं त्याला काम करता येतं.

एवढं सगळं आहे, मग अडतं कुठं? पहिली गोष्ट, पैसा मुळात थोडा आहे. देशाच्या उत्पन्नातले शंभर रुपये धरले, तर संशोधनावर सुमारे ६४ पैसेच खर्च होतात. त्यामुळे मागणारे पुष्कळ आणि मिळणारे थोडे. दुसरी गोष्ट, संशोधन करणाऱ्या शंभर जणांत बायका वीससुद्धा नाहीत.

हे आजचं नाही. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांनी मुंबई विद्यापीठातून पदवी घेतली आणि १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले प्रमुख होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. बाई आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम बघू, या अटीवर त्यांना घेतलं गेलं. त्यांचं काम पाहून पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी झाल्या. परत आल्यावर त्यांनी आपल्याकडच्या डाळी, भात आणि नीरा यांच्या पोषणावर काम केलं. आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवलं. कमलाबाईंची हुशारी आणि जिद्द तर होतीच, पण शिष्यवृत्तीचा पैसा नसता तर केंब्रिज कुठलं आणि काय!

तिसरी अडचण आमच्या गटानं स्वतः पाहिली. फेलोशिप कागदावर महिन्याला असते, पण खात्यात दर महिन्याला येईलच असं नाही. आमच्या एका सदस्य ताईंची मुलगी विद्यापीठात पीएचडी करते. तिची फेलोशिप सात महिने आली नाही. खोलीचं भाडं थकलं, मेसवाल्यानं डबा बंद करण्याची भाषा केली. ताईंनी गटात ४०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं.

त्या बैठकीत दोन तास वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी दिसते. इथं काय दिसणार?" दुसरीनं विचारलं, "हे कर्ज वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं? दवाखाना, शेती, धंदा, लग्न, यातलं हे काय?" कुणी म्हणालं, तिला सांगा सरळ नोकरी धर. शेवटी असं ठरलं, की मुलीलाच बोलवावं.

पोरगी आली ती बाटल्या घेऊन. ती विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर काम करते. शेतात युरिया जास्त पडला, की त्यातला काही भाग झिरपत विहिरीत, बोअरमध्ये जातो. गोठ्याचं आणि शौचखड्ड्याचं पाणी मुरूनही तेच होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. त्याच्या वर गेलं, की तान्ह्या बाळांना सगळ्यात जास्त धोका. बाळाच्या रक्तातून प्राणवायू नीट वाहून नेला जात नाही, अंग निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, हे तिनं सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आपण तर उकळलं की झालं असं समजतो. मग शेळीचं विचारणाऱ्या मावशीच म्हणाल्या, "आमच्या आडाचं पाणी ने गं तपासायला."

कर्ज मंजूर झालं. वहीत नवा रकाना आखला, 'शिक्षण-संशोधन'. व्याज नेहमीचंच लावलं. सवलत नको, असं ताईच म्हणाल्या. थकलेली फेलोशिप एकदम आली, तेव्हा त्यांनी सगळे हप्ते भरले. पण त्या सात महिन्यांत गट नसता, तर ती पोरगी घरी परत आली असती, आणि परत आलेली मुलगी पुन्हा जाते का, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून आता गटांनी आणि घरांनी काय करायचं, ते सांगतो.

सुनेला अर्ज करायचा असेल, तर ती कुठं काम करणार हे आधी ठरवायला हवं. जवळच्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत तिच्या विषयाचे एखादे मार्गदर्शक गाठायचे. त्यांची आणि संस्थेची संमती मिळवायची. यासाठी तिला दोन-चार खेपा घालाव्या लागतील. त्या दिवशी मूल कोण सांभाळणार, हे सासूबाईंनी आणि मुलाच्या बापानं मिळून ठरवावं. अर्जाच्या मुदतीच्या आठवड्यात घरात पाहुणे, वर्षश्राद्ध, पापड-कुरडया काढू नयेत. हे ऐकून हसाल, पण अर्ज राहून जातात ते यामुळेच.

प्रस्तावात चार गोष्टी स्पष्ट लागतात: प्रश्न कोणता, तो आजवर कुणी किती सोडवला, आपण कसा सोडवणार, आणि त्याला किती वेळ व पैसा लागेल. तो त्या विषयाचे जाणकार तपासतात. दुसऱ्याचं उतरवून काढलं तर पकडलं जातं. खर्चाचा आकडा फुगवला तर तेही दिसतं. मधली वर्षं रिकामी गेली, ती लपवू नयेत. मूल लहान होतं, असं सरळ लिहावं. ही योजना त्याचसाठी आहे. पहिल्या वेळी नकार आला, तर त्यावरचे शेरे वाचून सुधारून पुन्हा अर्ज करावा.

पीएचडी करणाऱ्या मुलींच्या घरांसाठी एक नियम सांगून ठेवतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीच्या पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मिळू शकते. पीएचडीला एरवी सहा वर्षांची मुदत असते, ती महिलांना आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकते. म्हणजे बाळ झालं म्हणून नोंदणी सोडायची गरज नाही. रजेचा अर्ज मात्र लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची.

कुणी म्हणालं, "अनुदान काढून देतो, दहा टक्के द्या," तर त्याला दारातूनच परत पाठवा. जाहिरात विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचायची आणि अर्ज स्वतः करायचा. वयाच्या, शिक्षणाच्या अटी दर वेळी नव्यानं तपासायच्या, कारण त्या बदलतात.

आणि गट म्हणूनही आपलं काम आहे. समाजाच्या प्रश्नांवर संशोधन करणाऱ्यांना गाव लागतं, माहिती देणाऱ्या बायका लागतात. आपल्याकडे ते दोन्ही आहे. पाणी, साठवणीतल्या धान्याची कीड, धुराची चूल, वाया जाणारा टोमॅटो, हे प्रश्न आपण रोज बघतो. एखादी सून असा विषय घेत असेल, तर ग्रामसंघानं ठराव करून तिला सहकार्याचं पत्र द्यावं. फक्त आधी विचारावं, की आमच्या गावाची माहिती तुम्ही नेणार, तर निकाल आम्हाला आमच्या भाषेत कधी सांगणार? आपला वेळ आणि आपलं पाणी जातंय, तर एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. घरात विज्ञान शिकलेली मुलगी, सून, जाऊ, नणंद कोण आहे, तिचा विषय आणि वय काय, एवढं इतिवृत्तात लिहा. ती यादी आम्हा समन्वयकांकडे द्या. जाहिरात निघाली, की आम्ही फोन करू, आणि पहिला अर्ज भरताना शेजारी बसू.

पुढच्या बुधवारी आपण गटाच्या वार्षिक हिशेबतपासणीवर बोलणार आहोत, तेव्हा वह्या काढून ठेवा. नमस्कार.