कुणाच्या नाकाजवळची हवा?
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



हा पंप बघा. बंद पडलाय, म्हणूनच माझ्याकडे आला. हातोहात मागे पाठवा. हा कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, पाठीवरून नळी घ्यायची नि कॉलरला ही फिल्टरची डबी लावायची, नाकापासून फुटाच्या आत. मिनिटाला साधारण २ लिटर हवा ओढतो. आठ तासांच्या पाळीत जवळजवळ १ घनमीटर. तेवढ्या वेळात अंगमेहनत करणारा माणूस १० घनमीटरच्या आसपास हवा आत घेतो. जाड धूळ खालच्या शंकूत पडते. फिल्टरवर राहते ती बारीक, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारी. फिल्टरचं वजन आधी केलेलं असतं, पाळी संपल्यावर पुन्हा करतात. दगडाची धूळ असेल तर तिच्यात सिलिका किती तेही काढतात. सिलिकॉसिस एकदा झाला की बरा होत नाही, म्हणून मोजायचं ते आधी.

खरी मेख जागेची आहे. शेडच्या मधोमध स्टँडवर यंत्र ठेवलं तर ते शेडची हवा सांगतं, माणसाची नाही. इंग्लंडात हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रातल्या दोघांनी १९६० साली अंगावर वागवायचं असलं यंत्र पुढे आणलं. किरणोत्सारी कण हाताळणाऱ्याच्या नाकाजवळचा आकडा खोलीतल्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त येऊ शकतो, हे अशा मोजणीतून कळलं. आपल्या गावांना हा अभ्यास कुणी शिकवावा लागला नाही. आपली वस्ती गावकुसाबाहेर, नि तीही अशा अंगाला की आपल्यावरून गेलेला वारा गावात शिरू नये!

मी काही वर्षं एका खासगी प्रयोगशाळेसाठी हे पंप बांधत हिंडलो. एकदा एका खडी क्रशरवर गेलो. मॅनेजरने चहा पाजला नि चार माणसं पुढे उभी केली. एक वजनकाट्यावरचा, एक वॉचमन, दोन ऑफिसातले. पलीकडे तोंडाला पदर बांधून बाया पाट्या उचलत होत्या. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी म्हटलं, एक पंप तिकडे बांधतो. तो म्हणाला, "ती ठेकेदाराची माणसं. आमच्या रजिस्टरला नाहीत."

मी चारही पंप त्याने दाखवलेल्या माणसांनाच बांधले. नोकरी होती. अहवाल मर्यादेच्या आत आला, नि गंमत अशी की त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. निघताना त्या बायांतली एक मावशी म्हणाली, "दादा, आमाला न्हाई व्हय बांधायचं ते?" मी म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढची खेप आलीच नाही.

किरणांचंही तेच. अणुभट्टीत, इस्पितळाच्या एक्स-रे विभागात कामगाराच्या छातीवर टीएलडी बिल्ला असतो. आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. त्या किरणांची ऊर्जा धरून ठेवतात, प्रयोगशाळेत तापवल्या की उजेड देतात. जेवढा उजेड तेवढा डोस. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, नि कुठल्याही एका वर्षात ३०. प्रत्येक बिल्ल्यामागे एक नाव.

आता मायापुरी. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून पडून असलेलं गॅमा यंत्र २०१० साली लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं. आत कोबाल्ट-६०. एक कामगार मेला, बाकीचे आजारी पडून इस्पितळात. बिल्ला कुणाच्याच छातीवर नव्हता. कुणाला किती डोस बसला ते नंतर रक्तातल्या गुणसूत्रांची मोडतोड तपासून काढावं लागलं. बिल्ल्याचं काम त्यांच्या रक्ताने केलं.

१९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवा. बरोबर आहे. पण त्या मावशीचं नाव हजेरीलाच नाही, तर ४० वर्षं जपणार काय?

तेव्हा कामावर पंपवाला आला की पाच-दहाजण मिळून पुढे व्हा. कुणाला बांधतोस विचारा. सगळ्यात जास्त धुळीत कोण राबतं ते तुम्ही दाखवा. पंप पाळीभर चालू होता का ते बघा, निकाल मराठीत वाचून मागा. त्याला शिव्या देऊ नका, तोही माझ्यासारखा पोटार्थी. चार माणसं पाठीशी उभी असती तर त्या दिवशी एक पंप मलाही हलवता आला असता.

ज्यांच्या घरातलं कुणी क्रशरवर, भंगारात, ओतशाळेत आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबा. वही आणलीय. नाव, काम, ठेकेदार नि कधीपासून, एवढंच लिहायचंय.